चेतापेशींचा शिधा : मेंदूतील वाढ-घटक शरीर कसे राखते?

धागाकर्ती : निशिगंध

गेल्या महिन्यात माझ्या काकांनी एका खासगी प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल मला पाठवला. काका ७१ वर्षांचे आहेत, ओळखीच्या माणसांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत म्हणून वर्षभर बेचैन आहेत, आणि कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी ही तपासणी करून घेतली होती. अहवालात बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर) या मेंदूतील पेशींना जगवणाऱ्या प्रथिनाचा आकडा होता, त्यापुढे 'कमी' असा शेरा होता आणि सोबत तीन महिने घ्यायच्या गोळ्यांची शिफारस होती. त्या एका शब्दाने काकांची झोप उडाली. मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, तरी फोनवर त्यांची समजूत घालणे मला जमले नाही. कारण तो शेरा निरर्थक का आहे हे सांगायचे, तर हे प्रथिन शरीर कोठे बनवते, कोणत्या रूपात सोडते आणि कोणापर्यंत पोहोचू देत नाही, हे सगळे सांगावे लागते. ते सावकाश मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

चेतापेशींना जगवणारी आणि वाढवणारी प्रथिने असतात, ही कल्पना कोंबडीच्या अंड्यातून आली. १९३४ साली व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी कोंबडीच्या गर्भातील पंखाचा अंकुर काढून टाकला, तेव्हा त्या बाजूच्या मज्जारज्जूत चेतापेशी कमी आढळल्या. अंकुराकडून संदेश न मिळाल्यामुळे त्या पेशी तयारच झाल्या नाहीत, असा अर्थ त्यांनी लावला. हा निबंध इटलीतील तुरीन येथे रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या तरुण डॉक्टरच्या वाचनात आला. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या रीटा यांना विद्यापीठाचे दार बंद झाले होते. त्यांनी स्वतःच्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली, शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारे केली, शेतकऱ्यांकडून अंडी आणली आणि हॅम्बर्गर यांचा प्रयोग दिवसागणिक काप घेत पुन्हा करून पाहिला. त्यांना दिसले ते वेगळेच होते : पेशी तयार होत होत्या, बाहेर तंतूही धाडत होत्या, आणि तंतू पोहोचण्याच्या जागी काहीच नाही म्हणून नंतर मरत होत्या.

हा फरक बारीक वाटेल, पण पुढचे सगळे शास्त्र त्यावर उभे आहे. गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा कितीतरी अधिक जन्माला येतात. कोंबडीच्या मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या पेशींपैकी जवळजवळ निम्म्या अंड्यातच मरतात. आपल्याकडे ज्वारीची पेरणी दाट करून मागाहून विरळणी करतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र येथे उपटणारा हात नसतो. ज्या स्नायूकडे किंवा त्वचेकडे तंतू पोहोचतो, तेथे एक पोषक प्रथिन अत्यल्प प्रमाणात तयार होत असते. ज्याला ते मिळते तो जगतो, ज्याला मिळत नाही त्याची पेशी स्वतःच आपला कारभार आवरते. म्हणजे हा पुरवठा तुटपुंजा आहे तो मुद्दाम. सर्वांना पुरेल इतका शिधा असता तर तंतू आणि स्नायू यांची जुळणीच झाली नसती.

हे प्रथिन हाती लागले ते आडवाटेने. रीटा १९४७ साली हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेल्या. एल्मर ब्यूकर यांनी उंदराची एक गाठ कोंबडीच्या गर्भावर लावली असता संवेदनातंतू त्या गाठीत भराभर शिरतात हे दाखवले होते. तो धागा धरून रीटा १९५२ साली गाठ असलेले उंदीर घेऊन विमानाने रिओ द जानेरोला गेल्या, आणि तेथे काचेच्या बशीत गाठीशेजारी ठेवलेल्या चेतापेशींच्या पुंजक्याभोवती तंतूंचे दाट प्रभामंडळ उमटलेले त्यांनी पाहिले. स्टॅनली कोहेन यांनी मग गाठीतील तो पदार्थ शोधायला घेतला. त्यात न्यूक्लिक आम्ल आहे का हे तपासण्यासाठी ते तोडणारे सापाचे विष त्यांनी मिसळले, तर परिणाम घटण्याऐवजी कैक पटींनी वाढला, कारण विषातच तो पदार्थ ठासून भरलेला होता. सापाची विषग्रंथी ही एक प्रकारची लाळग्रंथीच आहे, या विचाराने ते उंदराच्या लाळग्रंथीकडे वळले आणि तेथे भरपूर साठा सापडला. हाच तो 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर', म्हणजे एनजीएफ. १९८६ चे नोबेल या दोघांना मिळाले. हॅम्बर्गर यांना त्यात वाटा मिळाला नाही, ही गोष्ट मला आजही सलते.

एनजीएफ मुख्यतः संवेदनेच्या आणि अनुकंपी चेतासंस्थेच्या पेशींना लागतो. मेंदूतील पेशींना जगवणारे दुसरे काही असावे, हे १९८२ साली ईव्ह-अलें बार्द, डेव्हिड एडगर आणि हान्स थोनेन यांनी म्युनिकमध्ये सिद्ध केले. डुकराच्या सुमारे दीड किलो मेंदूतून त्यांना जेमतेम एक मायक्रोग्रॅम प्रथिन शुद्ध करता आले. तेच काकांच्या अहवालातील बीडीएनएफ. दीड किलोत एक मायक्रोग्रॅम हे प्रमाण कृपया लक्षात ठेवावे, कारण ज्या पदार्थाची शरीर इतकी काटकसर करते त्याचे नियमन ढोबळ असूच शकत नाही.

धागाकर्ती : निशिगंध (पुढे)

आता नियमनाकडे. बीडीएनएफचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याला चालू करणारी कळ एक नसून अनेक आहेत. वेगवेगळ्या कळींमधून वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या कारणांनी तेच प्रथिन बनते. त्यांतील एक कळ तर चेतापेशी कामात असेल तेव्हाच दाबली जाते : पेशीत कॅल्शियम शिरते, त्यामुळे क्रेब नावाचे प्रथिन जागे होते आणि ते जनुकावर बसून वाचन सुरू करते. जनुकाची प्रतही दोन लांबींची निघते. आखूड प्रत पेशीच्या मुख्य भागात राहते, तर लांब प्रत दूरच्या शाखांपर्यंत नेली जाते, म्हणजे प्रथिन जेथे लागणार तेथेच बनवता येते.

बनलेले प्रथिनही थेट कामाला लागत नाही. आधी त्याचे लांब, पूर्वावस्थेतील रूप तयार होते आणि विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचा एक तुकडा छाटला की परिपक्व बीडीएनएफ उरते. माझ्या मते या विषयातील सर्वांत विलक्षण बाब येथे आहे. परिपक्व रूप ट्रकबी या ग्राहीवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या पेशीवरील प्रथिनावर, बसते आणि पेशीला जगण्याचा, शाखा वाढवण्याचा, जोडण्या बळकट करण्याचा संदेश देते. न छाटलेले रूप मात्र पी७५ या वेगळ्या ग्राहीवर बसते, आणि त्याचा संदेश जोडणी ढिली करण्याचा, प्रसंगी पेशी मरू देण्याचा असतो. एकाच जनुकातून जगवणारा आणि मारणारा असे दोन्ही निरोप निघतात, आणि कोणता पोहोचणार हे छाटणाऱ्या विकरावर ठरते. रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारे प्लाझ्मिन हे अशा विकरांपैकी एक आहे.

आणखी दोन बंधने थोडक्यात सांगते. या प्रथिनावर धन विद्युतभार पुष्कळ असल्यामुळे ते सुटल्या जागीच आसपासच्या पृष्ठभागांना चिकटते, दूरवर पसरत नाही. शिवाय मेंदूत ट्रकबीचे एक खुंटलेले रूपही असते, विशेषतः आधार देणाऱ्या तारकापेशींवर. ते बीडीएनएफ पकडते, पण आत नेहमीचा संदेश पाठवत नाही, त्यामुळे जास्तीचा पुरवठा तेथेच शोषला जातो. हे सारे पाहिले की 'शरीरातील बीडीएनएफची पातळी' हा शब्दप्रयोगच किती भोंगळ आहे ते कळते. पातळी कोणत्या भागातली, कोणत्या रूपाची, कोणत्या ग्राहीसमोरची, असे प्रत्येक वेळी विचारावे लागेल.

प्रतिसाद : वाटसरू, सातारा

निशिगंधताई, फार कळकळीने लिहिले आहे. एक शंका आहे. हे प्रथिन सुटल्या जागीच चिकटते, मेंदूतच बनते आणि तेथेच वापरले जाते, तर मग ते काकांच्या दंडातून काढलेल्या रक्तात आले कोठून? काहीतरी आकडा आला, त्या अर्थी ते रक्तात आहे हे तर खरेच ना?

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. वाटसरू यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ते आमच्या टेबलावरचे आहे.

रक्तातील बहुतेक सगळे बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठवलेले असते. प्लेटलेटना केंद्रक नसते, त्यामुळे जनुक वाचून नवे प्रथिन बनवणे त्यांना शक्य नाही. माणसांमध्ये ते अस्थिमज्जेतील ज्या मोठ्या पेशींचे तुकडे पडून प्लेटलेट तयार होतात, त्या पेशींमध्येच बनते आणि प्लेटलेटबरोबर रक्तात येते. रक्त गोठताना प्लेटलेट आपला साठा मोकळा करतात. म्हणून गोठू दिलेल्या रक्ताच्या सीरममध्ये दर मिलिलिटरला साधारण वीस-तीस नॅनोग्रॅम बीडीएनएफ सापडते, आणि त्याच माणसाचे रक्त गोठू न देता वेगळ्या केलेल्या प्लाझ्मात त्याचा लहानसा अंशच मिळतो. नमुना किती वेळ गोठू दिला, कसा साठवला, त्या दिवशी प्लेटलेट किती होत्या, यांवर आकडा हलतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट घसरलेला रुग्ण आमच्याकडे रोज येतो. त्याचा सीरममधला आकडाही घसरलेलाच येणार, पण म्हणून त्याचा मेंदू सुकला असे कोणी म्हणणार नाही.

याहून बोलका पुरावा उंदरांचा आहे. उंदराच्या मेंदूत बीडीएनएफ व्यवस्थित असते, मात्र त्याच्या रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही, कारण त्याच्या प्लेटलेटमध्ये ते नसते. तरीही उंदीर शिकतो, लक्षात ठेवतो आणि वाट शोधतो. गटागटांची तुलना करणाऱ्या संशोधनात सीरमच्या आकड्याला काही जागा असेल, पण एका माणसाच्या अहवालावर 'कमी' असा शेरा मारण्याइतका तो आकडा भक्कम नाही, आणि त्यावर गोळ्या लिहून देणे हे आमच्या व्यवसायाला शोभणारे नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. काकांना माझ्यातर्फे सांगावे की त्यांच्या हातातला कागद त्यांच्या प्लेटलेटबद्दल बोलतो आहे.

प्रतिसाद : हिरकणी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ज्येष्ठांकडून व्यायाम करून घेणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे व्यायाम आणि बीडीएनएफ ही जोडी मी हजार वेळा ऐकली आहे. तिच्यामागे खरे संशोधन आहे. १९९५ साली कॅलिफोर्नियात कार्ल कॉटमन यांच्या गटाने उंदीरवर्गातील प्राण्यांना पिंजऱ्यात चक्र दिले आणि काही रात्री मनसोक्त पळू दिले. हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या भागांत बदल दिसेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात बीडीएनएफच्या जनुकाचे वाचन वाढलेले दिसले ते स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये.

माणसांच्या बाबतीत २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. १२० ज्येष्ठांना दोन गटांत विभागले, एका गटाने आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांपर्यंत चालायचे, दुसऱ्याने ताण देण्याचे हलके व्यायाम करायचे. वर्षभराने चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा थोडा घटला होता. आणि ज्यांच्या सीरममधील बीडीएनएफ अधिक वाढले त्यांच्यात आकारही अधिक वाढला, असा संबंध मांडला गेला. सूक्ष्मदर्शी यांचा प्रतिसाद वाचल्यावर या शेवटच्या वाक्याबद्दल माझ्या मनात प्रश्न उभा राहिला आहे. तो आकडा मेंदूचा होता की व्यायामामुळे बदललेल्या प्लेटलेटचा?

धागाकर्ती : निशिगंध

हिरकणी, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो. चालण्याचा लाभ मोजला गेला आहे तो मेंदूच्या प्रतिमेत. रक्तातील आकडा हा त्या लाभाचा सोबती आहे, तोच लाभाचे कारण आहे असे त्या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

पायांच्या स्नायूंचा निरोप हिप्पोकॅम्पसपर्यंत कसा पोहोचतो, याचे काही मार्ग उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले आहेत. २०१३ साली दाखवले गेले की स्नायू पळताना एक प्रथिन बनवतो, त्यातून आयरिसिन नावाचा तुकडा सुटतो आणि त्यामुळे हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफचे वाचन वाढते. २०१६ साली दुसरा मार्ग दाखवला गेला : दीर्घ व्यायामात यकृत चरबीपासून जे कीटोन बनवते, त्यांतील एक मेंदूत पोहोचून बीडीएनएफच्या जनुकाभोवतीची घट्ट गुंडाळी सैल करते आणि कळ दाबणे सोपे होते. या दोन्ही मार्गांत मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की बाहेरून बीडीएनएफ आलेलेच नाही. स्नायूने आणि यकृताने फक्त सूचना धाडली. ते किती बनवायचे, कोठे सोडायचे आणि केव्हा थांबायचे हे मेंदूच्या त्या त्या पेशींनी आपल्या कामाच्या गरजेनुसार ठरवले.

प्रतिसाद : भरती-ओहोटी

मी मुंबईत चेताविज्ञानाचा विद्यार्थी आहे. 'जास्त बीडीएनएफ म्हणजे चांगला मेंदू' हे समीकरण किती अपुरे आहे, याचे उत्तम दाखले आपल्याच देशातील शास्त्रज्ञांच्या कामात आहेत, म्हणून लिहितो.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांनी तेथे येण्यापूर्वी, येल विद्यापीठात असताना, १९९७ साली सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहीवर काम केले. तो ग्राही औषधाने जागा केला असता हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफच्या जनुकाचे वाचन घटले आणि मेंदूच्या बाह्यकात मात्र वाढले. एकाच प्राण्याच्या एकाच मेंदूत, एकाच औषधाने, दोन भागांत उलटे परिणाम झाले. येथे 'औषधाने बीडीएनएफ वाढते की घटते' या प्रश्नाला एका शब्दात उत्तरच नाही.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने दीर्घकालीन ताणाचा अभ्यास केला. तणावाखाली ठेवलेल्या प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडतात, तर भय आणि चिंतेशी संबंधित अमिग्डालामध्ये त्या फोफावतात. २०१२ साली त्यांच्या गटाने दाखवले की बीडीएनएफही त्याच चालीने चालते : हिप्पोकॅम्पसमध्ये घटते, अमिग्डालामध्ये वाढते. ताण थांबल्यावर तीन आठवड्यांनी हिप्पोकॅम्पसमधले प्रमाण पूर्ववत झाले होते, अमिग्डालामधले मात्र चढेच राहिले होते. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ थबकलो होतो. संकट टळल्यावरही माणसाची धास्ती का जात नाही, याचा एक धागा कदाचित या चढ्या राहिलेल्या वाढ-घटकात असेल.

अशी आणखी उदाहरणे आहेत. मज्जारज्जूबाहेरील एखाद्या चेतातंतूला इजा झाल्यावर मज्जारज्जूतील रक्षक पेशी बीडीएनएफ सोडतात आणि त्यामुळे साधा स्पर्शही वेदना देऊ लागतो, असे २००५ साली उंदीरवर्गातील प्राण्यांत आढळले. ट्रकबीचे जनुक मेंदूतून काढलेल्या उंदरांमध्ये प्रायोगिक अपस्मार रुजतच नाही, म्हणजे झटक्यांची सवय मेंदूला लागते तिच्यातही याच संदेशाचा हात आहे. वाढ-घटक जोडणी बळकट करतो. ती जोडणी स्मृतीची आहे, भयाची आहे की वेदनेची, हे तो पाहत नाही.

प्रतिसाद : अबोली

हा धागा वाचताना मनात आले ते विचारते. मेंदूला हे प्रथिन लागते आणि कारखान्यात ते बनवताही येते, तर पार्किन्सन किंवा तत्सम आजारांत ते थेट टोचून का देत नाहीत? माझ्या मावशीला पार्किन्सन आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ माहितीचा नाही.

धागाकर्ती : निशिगंध

अबोली, देऊन पाहिले आहे, आणि त्या प्रयत्नांची हकिकत प्रामाणिकपणे सांगायला हवी.

स्नायूंच्या चेतापेशी झिजून जाणाऱ्या एएलएस या आजारात १,१३५ रुग्णांवर बीडीएनएफची मोठी चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. औषध त्वचेखाली टोचले जात होते. एकंदर रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. रक्तात सोडलेले हे प्रथिन काही मिनिटांतच नाहीसे होते, रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ते फारसे ओलांडत नाही, आणि ओलांडले तरी चिकट असल्यामुळे हव्या त्या पेशीपर्यंत पोहोचत नाही.

मग अडसराच्या पलीकडे, मेंदूतच सोडावे असा विचार झाला. १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये अल्झायमर झालेल्या तीन रुग्णांच्या मेंदूतील पोकळीत एनजीएफ सोडण्यात आला. काही चाचण्यांत किंचित सुधारणा दिसली, परंतु रुग्णांना पाठदुखी सुरू झाली, त्यांचे वजन घटले, आणि उपचार आवरता घ्यावा लागला. एनजीएफ ज्यांना हवा होता त्या पेशींसोबत वेदनेच्या पेशींनाही तो मिळाला होता.

तुमच्या मावशींच्या आजाराबाबत जीडीएनएफ नावाचा वेगळ्या कुळातील घटक महत्त्वाचा मानला जातो. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथे ४१ रुग्णांच्या मेंदूत बारीक नळ्या बसवून तो नेमक्या भागात सोडण्यात आला. २०१९ साली निष्कर्ष आले तेव्हा मुख्य कसोटीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांत निश्चित फरक दाखवता आला नाही. मेंदूच्या प्रतिमांमध्ये मात्र आशा वाटावी असे बदल होते, म्हणून संशोधकांनी हा मार्ग सोडलेला नाही. आज मावशींना उपयोगी पडणारे काही मी तुम्हाला देऊ शकत नाही याचे वाईट वाटते. नियमित औषधे आणि हिरकणींसारख्या जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखालचा व्यायाम यांची साथ मात्र त्यांनी सोडू नये.

एके ठिकाणी बाहेरून दिलेला घटक खरोखर कामी आला आहे. डोळ्याच्या पारदर्शक पटलाची संवेदना गेल्यामुळे त्यावर न भरणाऱ्या जखमा होतात, त्या आजारासाठी एनजीएफचे थेंब युरोपात २०१७ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. तेथे ते साधले, कारण थेंब जेथे टाकायचा तेथेच तो लागतो आणि तेथेच राहतो.

प्रतिसाद : वाटसरू, सातारा

वेदनेचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आईचे गुडघे फार दुखतात. एनजीएफमुळे वेदना वाढत असेल, तर तो अडवून वेदना थांबवता येणार नाही का?

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

हाच विचार करून टॅनेझुमॅब नावाचे प्रतिपिंड तयार झाले. गुडघेदुखी त्याने खरोखर कमी होत होती. परंतु काही रुग्णांचे सांधे अपेक्षेपेक्षा वेगाने झिजू लागल्यामुळे २०१० साली अमेरिकेत या चाचण्या थांबवाव्या लागल्या, पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि अखेर २०२१ साली तज्ज्ञांच्या समितीने १९ विरुद्ध १ अशा मतांनी प्रतिकूल कौल दिल्यानंतर कंपन्यांनी हे औषध सोडून दिले.

याची दुसरी बाजू निसर्गाने फार कठोरपणे दाखवली आहे. एनजीएफच्या ट्रकए या ग्राहीचे जनुक बिघडलेली काही मुले जन्मतः वेदना जाणत नाहीत आणि त्यांना घामही येत नाही. जनुकाचा हा दोष १९९६ साली सापडला. अशा मुलांची हाडे मोडतात, जीभ चावली जाते, भाजते, आणि त्यांना कळत नाही. तेव्हा आईंच्या गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजनावर नियंत्रण हेच आज अधिक भरवशाचे उपाय आहेत.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

माझ्या भावाने लाळेची जनुकीय तपासणी करून घेतली. त्यात बीडीएनएफ जनुकाचा 'कमकुवत' प्रकार आहे असे लिहून आले आहे. त्याने काळजी करावी का? तो सध्या एका मशरूमच्या गोळ्याही घेतो, त्याने एनजीएफ वाढतो असे पाकिटावर लिहिलेले आहे.

प्रतिसाद : भरती-ओहोटी

तो बदल प्रथिनातील ६६ व्या जागेवरचा असावा : व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन. २००३ साली दाखवले गेले की या बदलामुळे प्रथिन बनते नीट, त्याची संथ झिरपणही नीट चालते, पण पेशी कामात असताना ते ज्या झपाट्याने सुटायला हवे तसे सुटत नाही. नियमनाच्या दृष्टीने हा फार शिकवणारा बदल आहे, कारण माल तेवढाच असून वेळ चुकते. मात्र पूर्व आशियात हा प्रकार इतका सर्रास आढळतो की त्याला आजार म्हणणे अशक्य आहे, आणि स्मृतीवरील त्याच्या परिणामांचे नंतरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. भावाने काळजी करू नये.

मशरूमबद्दल : त्यातील काही द्रव्ये काचेच्या बशीतील पेशींना एनजीएफ बनवायला लावतात, हे जपानमधील संशोधनातून पुढे आले. बशीतल्या पेशींपर्यंत द्रव्य थेट पोहोचते. गोळीला आधी पोट, मग यकृत, मग अडसर ओलांडायचा असतो. शिवाय एनजीएफ आणि वेदना यांचे नाते वर आलेच आहे.

धागाकर्ती : निशिगंध

सर्वांचे प्रतिसाद मी छापून काकांना वाचायला दिले. सूक्ष्मदर्शी यांचे प्लेटलेटबद्दलचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले आणि गोळ्यांचे पाकीट न फोडता परत देऊन पैसे मागितले. ते मात्र अजून मिळालेले नाहीत.

नंतर आम्ही एका चेतारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बीडीएनएफचे नावही काढले नाही. त्यांनी काकांची पाऊण तास स्मृतिचाचणी घेतली, झोप कशी आहे विचारले, कान तपासायला सांगितले, आणि थायरॉइड व बी१२ या दोन तपासण्या लिहून दिल्या. काका जन्मभर शाकाहारी आहेत. बी१२ बरेच कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू झाली आहेत, आणि डाव्या कानाने त्यांना ऐकू कमी येते हेही प्रथमच कळले. अनेक नावे विसरली गेली नव्हती, मुळात नीट ऐकूच आली नव्हती, अशी शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली. चालायला ते सकाळी जाऊ लागले आहेत. स्मृतिचाचणी तीन महिन्यांनी पुन्हा होणार आहे. तिचा निकाल आला की याच धाग्यावर लिहीन.